अध्यापक की सेनापती? : एमॉस ॲलॉन्झो स्टॅग यांचा क्रीडाशिक्षणविचार

१

अमेरिकेतील विद्यापीठांच्या इतिहासात खेळाच्या प्रशिक्षकाचे स्थान मोठे विलक्षण आहे. अन्य देशांतील विद्यापीठांत खेळ हा बहुधा विद्यार्थ्यांच्या फावल्या वेळाचा विषय मानला गेला. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो विद्यापीठाच्या लौकिकाचा, उत्पन्नाचा आणि पुष्कळदा प्रतिष्ठेच्या कलहाचाही विषय होऊन बसला. या स्थित्यंतराच्या केंद्रस्थानी जी माणसे होती, त्यांत एमॉस ॲलॉन्झो स्टॅग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८९२ पासून १९३२ पर्यंत, म्हणजे सलग ४१ हंगाम, ते शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. प्रशिक्षक हा मूलतः शिक्षक आहे, त्याचे स्थान विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात असले पाहिजे, आणि त्याच्या कार्याचे मोजमाप विजयांच्या संख्येने न होता त्याच्या हाताखालून गेलेल्या तरुणांच्या पुढील आयुष्याने झाले पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त होता. हा सिद्धान्त कोणत्या परिस्थितीत जन्मास आला, व्यवहारात तो कितपत टिकला आणि ज्या विद्यापीठाने त्याला आश्रय दिला त्याच विद्यापीठाने पुढे त्या खेळाचा त्याग का केला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा अवश्य आहे. येथे फुटबॉल म्हणजे भारतात खेळला जाणारा पायचेंडूचा खेळ नव्हे. रग्बीपासून निघालेला, लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जाण्याचा, अकरा-अकरा गड्यांचा हा अमेरिकी खेळ होय. त्यात ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापावे लागते. न कापल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. साहजिकच प्रत्येक प्रयत्नापूर्वी व्यूह रचण्यास अवसर मिळतो आणि मैदानाबाहेर बसून योजना आखणाऱ्या माणसाचे महत्त्व अन्य खेळांहून कितीतरी वाढते. प्रशिक्षकाला सेनापतीचे रूप येण्याचे बीज खेळाच्या या रचनेतच आहे.

२

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील चांभारकाम व मोलमजुरी करून कुटुंबाचा निर्वाह चालवीत. शिक्षणासाठी एक्सिटर येथील अकादमीत आणि पुढे येल विद्यापीठात स्टॅग यांनी अक्षरशः अर्धपोटी दिवस काढले. धर्मोपदेशक व्हावे, ही त्यांची मनीषा होती व त्यासाठी पदवीनंतर येल येथील धर्मशास्त्र विद्यालयात त्यांनी प्रवेशही घेतला होता. याच काळात बेसबॉलमधील उत्कृष्ट गोलंदाज म्हणून त्यांची कीर्ती झाली. धंदेवाईक संघांनी त्यांच्यापुढे मोठ्या रकमा ठेवल्या. त्यांनी त्या नाकारल्या. दारूच्या गुत्त्यांच्या आणि जुगाराच्या संगतीत वाढलेला तो धंदा धर्मोपदेशकाच्या मार्गाशी विसंगत आहे, असे त्यांना वाटत होते. गरिबीत वाढलेल्या तरुणाने केलेल्या या त्यागाचा ठसा त्यांच्या उभ्या आयुष्यावर उमटलेला दिसतो. पैशासाठी खेळणे आणि खेळासाठी खेळणे यांतील सीमारेषा त्यांच्या लेखी नैतिक होती; ती केवळ नियमपुस्तकातली नव्हती.

येल येथे फुटबॉलमध्ये त्यांना वॉल्टर कॅम्प यांचे मार्गदर्शन लाभले. आधुनिक अमेरिकी फुटबॉलचे नियम ज्यांनी घडवले ते हेच कॅम्प. १८८८ सालच्या येलच्या संघाने तेरा सामने जिंकताना ६९८ गुण मिळवले व प्रतिपक्षांना एकही गुण घेऊ दिला नाही. स्टॅग त्या संघात होते. पुढच्याच वर्षी निवडलेल्या पहिल्या अखिल-अमेरिकी संघातही त्यांचा समावेश झाला. शिस्त, पुनरावृत्ती आणि आगाऊ विचार या तीन गोष्टी त्यांनी कॅम्प यांच्या परंपरेतून घेतल्या.

मात्र व्यासपीठावरून बोलण्याची हातोटी आपल्यात नाही, अशी त्यांची खात्री होत गेली. तेव्हा धर्मोपदेशाचा मार्ग सोडून १८९० साली ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षण विद्यालयात गेले. शरीर, बुद्धी व आत्मा यांचा समतोल विकास हे तेथील ध्येयवाक्यच होते. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तेथे त्यांचे सहकारी होते. ११ मार्च १८९२ रोजी झालेल्या या नव्या खेळाच्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५–१ असे हरवले आणि शिक्षकांच्या बाजूचा एकमेव गुण स्टॅग यांनी मिळवला. नेस्मिथ हे स्टॅग यांच्या फुटबॉल संघातही खेळत. आपल्याला मध्यभागी का खेळवता, असे त्यांनी विचारले असता, अत्यंत दुष्ट कृत्येही तुम्ही अत्यंत सभ्यपणे करू शकता म्हणून, असे उत्तर स्टॅग यांनी दिल्याची आठवण नेस्मिथ यांनी नोंदवून ठेवली आहे. विनोद म्हणून ती गोड आहे. पण खेळातील दांडगाई आणि ख्रिस्ती सौजन्य यांचा मेळ घालण्याची जी कसरत स्टॅग यांना पुढे आयुष्यभर करावी लागली, तिचे सूचनही तीत आहे.

३

येल येथे स्टॅग यांना हिब्रू व बायबल यांचे अध्यापन करणारे विल्यम रेनी हार्पर हे जॉन डी. रॉकफेलर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभ्या राहणाऱ्या नव्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. एकही इमारत पुरी झालेली नसताना त्यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले. हार्पर वेतनाचा आकडा सांगत गेले आणि स्टॅग विचारात गढून गप्प राहिले. त्या मौनाचा अर्थ नकार असा घेऊन हार्पर यांनी अखेर २,५०० डॉलर वार्षिक वेतन आणि सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद देऊ केले, असा किस्सा स्टॅग पुढे सांगत. प्रशिक्षकाला अध्यापकाचा दर्जा व कायमपणा देणारी अमेरिकेतील ही पहिली नेमणूक समजली जाते. १ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी स्टॅग यांनी फुटबॉलचा सरावही सुरू केला. विद्यार्थी अपुरे पडत म्हणून पहिल्या हंगामात ते स्वतःही संघातून खेळले.

या नेमणुकीमागे दोन निरनिराळे हेतू होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. स्टॅग यांच्या दृष्टीने शारीरिक शिक्षण हा संपूर्ण विद्यार्थिवर्गासाठी असलेला विभाग होता. व्यायामशाळा, धावण्याच्या शर्यती, बेसबॉल, पोहणे हे सर्व त्यात येत असे व फुटबॉल हा त्याचा एक घटक होता. कायम पदामुळे एखाद्या पराभवाने नोकरी जाण्याचे भय उरत नाही आणि भय नसलेला शिक्षकच विद्यार्थ्याचे हित आधी पाहू शकतो, हा त्यातील तर्क होता. हार्पर यांची दृष्टी अधिक व्यापक, तशीच अधिक व्यावहारिकही होती. नवजात विद्यापीठाला माजी विद्यार्थी नव्हते, परंपरा नव्हती, नाव नव्हते. विजयी संघ हे नाव मिळवण्याचे जलद साधन होते. विद्यापीठाच्या नावाचा डंका देशभर वाजवील असा संघ हार्पर यांना हवा होता आणि त्यांनी तो स्टॅग यांच्याकडून मिळवला. पुढील सगळ्या गुंतागुंतीचे मूळ या दुहेरी हेतूत आहे.

४

स्टॅग यांची शिकवण्याची पद्धती पाहिली की त्यांच्यातील अध्यापक स्पष्ट दिसतो. १८९३ साली त्यांनी हेन्री विल्यम्स यांच्यासह अमेरिकी फुटबॉलवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात डावांच्या आकृत्या काढून प्रत्येक गड्याचे काम सांगितले आहे. खेळाचे ज्ञान वर्गात शिकवता येते, लिहून ठेवता येते आणि एका पिढीकडून दुसरीकडे देता येते, हे गृहीत धरल्याखेरीज असा ग्रंथ लिहिला जात नाही. गड्याला अडवून पाडण्याच्या सरावासाठी टांगता पुतळा वापरणे, डाव सुरू होताना एखाद्या गड्यास आडवे पळवून प्रतिपक्षास बुचकळ्यात पाडणे, अशा अनेक युक्त्यांशी त्यांचे नाव निगडित आहे. यांतील प्रत्येक युक्ती त्यांनीच प्रथम काढली की नाही, याविषयी वाद होऊ शकतो. तथापि खेळ हा सतत विचार करण्याचा विषय आहे, ही वृत्ती निःसंशय त्यांची होती. त्यांच्या पत्नी स्टेला याही या अभ्यासात सहभागी असत; सामन्यांची टिपणे व डावांच्या आकृत्या त्या काढून ठेवीत.

आचरणाविषयी त्यांचे नियम कडक होते. मद्य व तंबाखू वर्ज्य. मैदानावर शिवीगाळ वर्ज्य. त्यांच्या स्वतःच्या तोंडी सर्वांत कठोर शब्द 'गाढव' हा असे. चूक फारच मोठी असेल तर 'दुप्पट गाढव'. त्यांच्या संघात बराच काळ राहिलेला प्रत्येक गडी केव्हा ना केव्हा या पदवीस पात्र झालेला असे आणि पुढे त्याच गोष्टीचा अभिमानही बाळगीत असे. या विनोदामागे एक निश्चित धोरण होते. ज्या खेळात अंगावर धावून जाणे हाच नियम आहे, तेथे वाणीवरचा ताबा सुटला की हातावरचाही सुटतो, अशी त्यांची धारणा होती.

नियमाच्या शब्दापलीकडे जाऊन त्याचा आशय पाळण्याचा त्यांचा आग्रह किती टोकाचा होता, हे २८ ऑक्टोबर १९२२ रोजी प्रिन्स्टनशी झालेल्या सामन्यात दिसून आले. शिकागोचा संघ १८–७ असा पुढे होता. अखेरच्या भागात प्रिन्स्टनने २१–१८ अशी आघाडी घेतली. शेवटच्या क्षणी शिकागोचा संघ प्रतिपक्षाच्या सीमारेषेशी जाऊन भिडला; परंतु खेळणारे एकाच प्रकारची चाल पुनःपुन्हा करीत होते व ती अडवली जात होती. बदली गडी पाठवून वेगळी चाल करण्याचा निरोप द्यावा, असे बाकावरून सुचवण्यात आले. बदली गड्याकरवी निरोप पोहोचवणे नियमसमितीला अनुचित वाटते, एवढे सांगून स्टॅग यांनी तसे करण्याचे नाकारले. ते स्वतः त्या समितीचे सदस्य होते. सामना हातचा गेला. मैदानावर उतरलेल्या विद्यार्थ्याने निर्णय स्वतः घ्यावा, चुकला तर चुकू द्यावा आणि शिक्षकाचे काम त्याआधीच संपलेले असावे, हा येथील विचार आहे. परीक्षेच्या दालनात उत्तर पुरवणारा शिक्षक जसा निंद्य, तसाच हा प्रशिक्षक. सेनापतीला असे वागता येणार नाही. अध्यापकाला अन्यथा वागता येणार नाही.

५

परंतु याच माणसाच्या कारकीर्दीला दुसरी बाजू आहे आणि ती १९०५ सालात सर्वांत ठळकपणे दिसते. त्या वर्षी ३० नोव्हेंबर रोजी शिकागोच्या मैदानावर २५,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर फील्डिंग योस्ट यांच्या मिशिगन संघाशी सामना झाला. मिशिगनचा संघ त्यापूर्वी लागोपाठ ५६ सामने अपराजित होता. शिकागोने हा सामना २–० असा जिंकला. वॉल्टर एकरसॉल या अद्वितीय गड्याच्या लाथेने उंच उडालेल्या चेंडूंनी मिशिगनला मागे रेटले आणि अखेर त्यांचा एक गडी स्वतःच्याच सीमेमागे पकडला गेला, त्याचे हे दोन गुण. शिकागोने त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळवले व स्टॅग यांची कीर्ती कळसास पोहोचली.

नेमक्या त्याच शरद ऋतूत 'कॉलिअर्स' साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन यांची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली होती. मध्यपश्चिम अमेरिकेतील विद्यापीठे विजय कसे विकत घेतात, हा तिचा विषय होता आणि शिकागोचे नाव तीत आघाडीला होते. गुणी खेळाडूंना प्रवेशात व अभ्यासक्रमात मिळणाऱ्या सवलतींवर तीत बोट ठेवलेले होते. एकरसॉल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९०४ ते १९०६ अशी तीन वर्षे ते अखिल-अमेरिकी संघात निवडले गेले. पण पदवी न घेताच विद्यापीठाबाहेर पडले. खेळण्याची पात्रता संपताच विद्यापीठाशी असलेले त्यांचे नाते संपले. चारित्र्य घडवणे हे ज्या शिक्षणाचे ध्येय, त्याच्या सर्वांत यशस्वी शिष्याला विद्यापीठाने काय शिकवले, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि स्टॅग यांच्या सिद्धान्ताला त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

त्या वर्षी देशभर फुटबॉलच्या मैदानावर कित्येक तरुण मृत्युमुखी पडले होते. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्याची निकड सांगितली. हंगाम संपताच कोलंबिया विद्यापीठाने खेळ बंद केला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया रग्बीकडे वळली. १९०६ साली नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड कापण्याची अट आली व दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा ठेवण्यात आली. एका जागी रेटारेटी करण्याऐवजी मैदानभर पसरून, डोके चालवून खेळणे त्यामुळे भाग पडले. स्टॅग यांच्या स्वभावाला हा बदल मानवणारा होता व त्यांनी त्याचा उत्तम उपयोग करून घेतला.

पश्चिमेकडील विद्यापीठांच्या अध्यापक-प्रतिनिधींनी याच वेळी मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजल यांच्या पुढाकाराने बैठका घेऊन अधिक मूलगामी निर्बंध घातले. हंगामात फक्त पाच सामने, खेळण्याची पात्रता तीनच वर्षे, प्रवेशानंतर एक वर्ष खेळावयाचे नाही, खेळाडूंची वेगळी खानावळ बंद आणि प्रशिक्षक हा विद्यापीठाचाच नियमित नोकर असावा, अशा त्या अटी होत्या. शेवटची अट पाहिली की स्टॅग यांची १८९२ सालची नेमणूक येथे सर्वांसाठी आदर्श ठरवली गेली, असे दिसते. हे निर्बंध न पटल्याने मिशिगन पुढे संघटनेतून बाहेर पडले व १९१७ पर्यंत बाहेरच राहिले. शिकागोने मात्र याच चौकटीत राहून १९०७, १९०८ व १९१३ साली अजिंक्यपदे मिळवली.

६

येथे मूळ विरोधाभासाकडे वळावे लागते. अध्यापकपदामुळे प्रशिक्षक विद्यापीठाच्या शिस्तीखाली येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात स्टॅग यांना जे स्वातंत्र्य मिळाले, ते अन्य कोणत्याही प्राध्यापकाच्या वाट्याला आले नाही. हार्पर यांच्या पाठिंब्याने त्यांच्या विभागाचा कारभार व तिकिटांचे उत्पन्न हे दीर्घकाळ बव्हंशी त्यांच्याच हाती राहिले. १९०२ पासून विद्यापीठात शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय शर्यती भरू लागल्या. त्यामागील शैक्षणिक हेतू खरा होता. पण देशातील उत्तम तरुण खेळाडू त्यानिमित्ताने शिकागोच्या आवारात येत, येथील वातावरणाने भारावून जात व पुढे येथेच प्रवेश घेत, हेही तितकेच खरे. स्टॅग स्वतः पैशाच्या बाबतीत निष्कलंक होते, याविषयी दुमत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांवर १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने जो परखड अहवाल प्रसिद्ध केला, त्यात खेळाडूंना छुपे द्रव्यसाहाय्य न देणाऱ्या थोड्या संस्थांत शिकागोचे नाव होते. मात्र एका व्यक्तीची सचोटी ही व्यवस्थेच्या निर्दोषतेची हमी होऊ शकत नाही.

आवारातच एक मर्मभेदी टीकाकार होता. अर्थशास्त्राचे अध्यापन करणारे थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळांचा हा सोस म्हणजे लुटारू अवस्थेतील मानवी वृत्तीचा अवशेष आहे, असे प्रतिपादन केले. खेळाने चारित्र्य घडते, या समजुतीलाही त्यांनी आव्हान दिले. घडते ते कावेबाजपणाचे व दांडगाईचे शिक्षण, असा त्यांचा रोख होता. स्टॅग व व्हेब्लेन एकाच विद्यापीठाचे पगारी अध्यापक होते. स्टॅग यांचा विचार व्हेब्लेन यांच्या आक्षेपाला एका अर्थाने उत्तर देतो: खेळ स्वतः चांगला वा वाईट नसून तो शिकवणारा कोण आहे, यावर त्याचे फळ अवलंबून असते. पण या उत्तराचीच मर्यादा अशी की ते एका शिक्षकापुरते खरे ठरते. शिक्षकाभोवती जेव्हा हजारो तिकिटे काढून आलेले प्रेक्षक बसतात, तेव्हा विद्यार्थी कोणासाठी खेळतो, या प्रश्नाला ते स्पर्श करीत नाही.

महायुद्धानंतर स्पर्धेचे स्वरूप पालटले. १९२२ साली ओहायोत, १९२३ साली इलिनॉयमध्ये व १९२७ साली मिशिगनमध्ये अवाढव्य क्रीडांगणे उभी राहिली. राज्यांच्या विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या प्रचंड होती. शिकागो मात्र संशोधनाकडे व पदव्युत्तर शिक्षणाकडे अधिकाधिक झुकत होते. खेळाडूंना सोयीचे पडतील असे अभ्यासक्रम तेथे नव्हते. १९२४ साली स्टॅग यांनी सातवे व शेवटचे अजिंक्यपद मिळवले. १९२९ साली अवघ्या तिसाव्या वर्षी रॉबर्ट हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. फुटबॉलविषयी त्यांना यत्किंचितही आस्था नव्हती. सत्तर वर्षे पूर्ण होताच निवृत्त होण्याचा नियम दाखवून १९३२ च्या हंगामाअखेर स्टॅग यांना पदमुक्त करण्यात आले. त्यांना खेळांशी संबंधित एक सन्मानाचे पद देऊ करण्यात आले होते. शिकवणे ज्यात नाही असे पद घेण्यास त्यांनी नकार दिला. ज्या अध्यापकपदाने त्यांना पराभवाच्या भयापासून चाळीस वर्षे संरक्षण दिले, त्याच पदाच्या वयोमर्यादेने त्यांना बाहेर काढले.

७

निवृत्तीनंतर बहुतेकांचे चरित्र संपते. स्टॅग यांचे संपले नाही. १९३३ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा संस्थेत काम स्वीकारले व १९४६ पर्यंत, चौदा हंगाम, तेथे शिकवले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी या संघाने शिकागोत येऊन, स्टॅग यांचेच नाव धारण करणाऱ्या मैदानावर, शिकागोचा ३२–० असा पराभव केला. १९४३ साली, ८१ व्या वर्षी, त्यांच्या सहव्यवसायिकांनी त्यांची त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड केली. युद्धकालीन नौदल-प्रशिक्षण योजनेमुळे अनेक चांगले खेळाडू त्या वर्षी या महाविद्यालयात आले होते, ही परिस्थिती त्या यशाला साहाय्यभूत झाली, हे खरे. तथापि साठ वर्षांनी लहान असलेल्या तरुणांना शिकवण्याची त्यांची उमेद त्याने कमी ठरत नाही. पुढे पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना विद्यापीठात आपल्या मुलाचे सहायक म्हणून आणि त्यानंतर पुन्हा स्टॉक्टन येथे १९५८ पर्यंत त्यांनी काम केले. मुख्य प्रशिक्षक राहिलेला माणूस मुलाच्या हाताखाली आनंदाने काम करतो, यातही अधिकारापेक्षा अध्यापनाची ओढ दिसते. १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सामान्यतः ३१४ विजय नोंदवले जातात; हा उच्चांक १९८१ साली अलाबामाचे बेअर ब्रायंट यांनी ओलांडला.

शिकागोची कथा मात्र वेगळ्या दिशेने गेली. हचिन्स यांनी १९३८ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात प्रवेशतिकिटांचा पैसा हाच सर्व दोषांचा उगम आहे, असे मांडले. २१ ऑक्टोबर १९३९ रोजी मिशिगनने शिकागोवर ८५–० असा विजय मिळवला. मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर हे स्टॅग यांचेच शिष्य व शिकागोतील माजी सहायक होते. गुरूची विद्या शिष्याने नेली आणि गुरुकुल ओसाड पडले, असेच त्या सामन्याचे वर्णन करावे लागेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये शिकागो विद्यापीठाने आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद केला. रिकाम्या पडलेल्या स्टॅग मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला-प्रक्रिया घडवून आणली. त्या जुन्या मैदानाच्या जागी १९७० साली विद्यापीठाचे विशाल ग्रंथालय सुरू झाले. फुटबॉल १९६९ साली विद्यापीठात परतला, पण लहान प्रमाणावर, द्रव्यलाभाच्या व राष्ट्रीय कीर्तीच्या अपेक्षेविना.

८

भारताशी या विचारपरंपरेचा संबंध फुटबॉलमार्फत आला नाही. तो स्प्रिंगफील्डमार्फत आला. त्याच प्रशिक्षण विद्यालयातून शिकून आलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले. शारीरिक शिक्षणाला शास्त्र म्हणून शिकवणारी व त्यासाठी शिक्षक तयार करणारी ती भारतातील अग्रेसर संस्था ठरली. आखाड्यातील वस्तादाची परंपरा या देशात जुनी आहे. तेथे शरीरसाधना व सदाचार ही वेगळी मानली जात नाहीत. स्प्रिंगफील्डचा विचार येथे परका वाटला नाही, याचे एक कारण हे असावे. पण आखाड्याला मैदानाएवढे तिकीटघर नव्हते आणि वस्तादाच्या नावावर विद्यापीठाचा लौकिक टांगलेला नव्हता. म्हणूनच स्टॅग यांच्यापुढे जो पेच आला, तो येथील वस्तादापुढे त्या रूपात उभा राहिला नाही.

एखादा संघ आपला सर्वोत्तम संघ आहे काय, असे विचारले असता त्याचे उत्तर वीस वर्षांनी देता येईल, असे स्टॅग म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्या विचाराचे सार तीत आले आहे. शिक्षणाचे फळ उशिरा पिकते आणि गुणफलकावर ते दिसत नाही. पण ज्या प्रेक्षकांच्या पैशावर व ज्या संस्थेच्या महत्त्वाकांक्षेवर तो खेळ उभा होता, त्यांना वीस वर्षे थांबावयाचे नव्हते. त्यांना शनिवारच्या सायंकाळीच उत्तर हवे होते. स्टॅग यांनी दोघांचेही समाधान करण्याचा यत्न केला. विजय मिळत होते तोवर हा मेळ बसल्यासारखा वाटला. विजय थांबताच तो उसवला.

त्यांच्या सिद्धान्ताला म्हणून खोटे ठरवता येत नाही. प्रिन्स्टनविरुद्ध निरोप न पाठवणारा, सन्मानाचे पद सोडून एका लहान महाविद्यालयात शिकवावयास जाणारा आणि नव्वदी ओलांडल्यावरही मैदानावर उभा राहणारा माणूस त्या सिद्धान्ताची साक्ष आहे. परंतु प्रशिक्षकाला अध्यापक म्हटल्याने स्पर्धेचे अध्यापन होत नाही, हा धडाही त्यांच्याच कारकीर्दीतून मिळतो. अध्यापकाचे पद त्यांना मिळाले. अध्यापनाला लागणारी शांतता त्या मैदानाला मिळाली नाही. खेळाला शिक्षणाचे अंग मानणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने शिक्षक निवडताना जी काळजी घ्यावयाची, तीच काळजी त्याच्या वर्गाभोवती कोण बसणार आहे हे ठरवतानाही घेतली पाहिजे, असा निष्कर्ष यातून निघतो.